लाकोंबेलला वळसा

रेमोंद शोमो सप्टेंबरात एकटीच सुट्टीवर निघाली, तेव्हा शेजारणीला तिनं सांगितलं, "जरा दक्षिणेकडं फिरून येते. गुहा बघते, पूल बघते."

"या वयात गुहा?" शेजारीण म्हणाली.

"गुहा माझ्याहून म्हातारी आहे," रेमोंद म्हणाली आणि तिनं गाडीची काच वर केली.

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. गुहा आणि पूल खोटे नव्हते, पण तिला जायचं होतं लाकोंबेलला, धाकट्या बहिणीच्या दारात. आणि हे तिनं शेजारणीला तर सोडाच, स्वतःलासुद्धा धड सांगितलं नव्हतं. लुसेतशी, म्हणजे त्या बहिणीशी, ती अकरा वर्षं बोलली नव्हती. जमिनीवरून नाही की दागिन्यांवरून नाही, भांडण झालं होतं एका कार्डावरून.

रेमोंदनं तीस वर्षं बूर्ज शहरातल्या एका लहानशा छापखान्यात काढली. जन्म, लग्न आणि मरण, तिन्हीची कार्डं तिच्याच हाताखालून जायची. त्यात मरणाचं सगळ्यांत अवघड. कडेनं काळी रेघ, आणि आत घरच्यांची नावं, ज्याच्या त्याच्या मानानं: आधी नवरा किंवा बायको, मग मुलं, सुना-जावई, मग नातवंडं, मग भावंडं. एक नाव खालीवर झालं की त्या घरात वर्षभर तोंडं फिरवलेली. गिऱ्हाइकं काउंटरशी येऊन रडायची, रडता रडता भांडायची, आणि रेमोंद कानामागची पेन्सिल काढून म्हणायची, "नियम काय मी केलाय? नियम म्हणजे नियम."

आई गेली तेव्हा तिनं कार्डं छापायला टाकली नाहीत. ऐंशीच्या ऐंशी हातानं केली. जाड, किंचित खरबरीत कागद, घडी घालायला हाडाची पट्टी, आणि प्रत्येक कार्डाला फूटपट्टी धरून कुंचल्यानं ओढलेली काळी रेघ. कुणाला हात लावू दिला नाही. आणि त्या ऐंशी कार्डांवर लुसेतचं नाव होतं, एकटीचं. अबेल देलमासचं नव्हतं.

अबेल लुसेतबरोबर नऊ वर्षं राहत होता. लग्न नव्हतं झालं, कारण त्याची पहिली बायको तुलूजला बसून घटस्फोट देत नव्हती. रस्तेखात्यात कामाला होता, खड्डे बुजवायचा, कडेचं गवत कापायचा. आईचे शेवटचे दोन हिवाळे लुसेतकडेच गेले. तिला सूप भरवायचा तो अबेल, नखं कापायचा तो अबेल, ऊन पडलं की दोन्ही हातांवर उचलून जिन्यावरून खाली अंगणात आणायचा तोही अबेलच. आणि खरं दुखणं असं की शेवटी शेवटी आईला रेमोंद ओळखू येत नव्हती, अबेल येत होता. रेमोंद भेटायला गेली की आई त्याला विचारायची, "ही बाई कोण रे?" नियम होता, खोटं नाही. लग्नाशिवाय नाव येत नसे कार्डावर. पण नियमाच्या आडून आपण काय केलं, हे रेमोंदला अकरा वर्षं पक्कं ठाऊक होतं.

स्मशानाच्या फाटकाशी लुसेत म्हणाली होती, "ऐंशी कार्डं केलीस, आणि एका नावाला शाई संपली होय गं तुझी?" तेच शेवटचं बोलणं. अबेल मात्र टोपी काढून जवळ आला होता. "रेमोंद, दमली असशील. काहीतरी खाऊन निघ," म्हणाला. हे ऐकून ती जास्तच भडकली. शिव्या दिल्या असत्या त्यानं तर बरं वाटलं असतं.

पुढं ती निवृत्त झाली. नवरा लेओंस दर सप्टेंबरात तिला गाडीनं कुठंतरी न्यायचा, कधी ब्रिटनीला, कधी आल्सासला. लाकोंबेलच्या बाजूला मात्र चुकूनही नाही. त्यानं कधी विषय काढला नाही, तिनंही नाही. जिथं जाईल तिथली रानफुलं ती टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीत दाबून ठेवायची, आणि चार दिवसांनी सुकली की त्यांची कार्डं करायची. आगकाडीच्या टोकानं गोंदाचा एक थेंब, वर फूल, बोटाचा हलका दाब. सव्वीस जणांना जायची ती कार्डं. लेओंस गेला त्याला आता दोन वर्षं झाली होती, आणि यादी नवावर आली होती. काही मेले, काही मुलांकडं राहायला गेले, काहींना तिनंच सोडून दिलं. या वर्षी तिनं यादी काढली आणि ती फाडून टाकली. एकाच माणसाला पाठवायचं होतं.

तिनं खोली घेतली ती फिजाकच्या अलीकडं एका शेतघरात. मालकीण मादाम वेसाद तोंडाची फटकळ, पण हाताची सढळ.

"दोघांची खोली आहे ही," पहिल्याच दिवशी मादाम वेसाद म्हणाली. "एकटीला दिली तर माझ्या चादरी रडतील. मस्यू मागून येणार आहेत का?"

"मस्यू पुढं गेलेत," रेमोंद म्हणाली.

मादाम वेसादला ते कळायला जरा वेळ लागला. मग तिनं तोंडावर हात ठेवला, आणि संध्याकाळी रेमोंदच्या ताटात बदकाची तंगडी इतरांपेक्षा मोठी पडली. पण जागा मिळाली ती स्वयंपाकघराच्या दाराशी. मोठ्या टेबलावर लील शहराकडची दोन जोडपी बसली होती. ती एकमेकांच्या बशीतलं उचलून खात होती, वाइनवरून वाद घालत होती. रेमोंदनं सगळं नीट संपवलं, पावाच्या तुकड्यानं बशी पुसली आणि खोलीत आली. दुसऱ्या खाटेवर तिनं डिरेक्टरी, कागद, गोंद असं सगळं पसरून ठेवलं, म्हणजे ती खाट रिकामी दिसू नये.

सोमवारी ती काओरला गेली. जुना पूल, तीन बुरूज, खाली हिरवं संथ पाणी. कठड्याच्या फटीत उगवलेलं एक जांभळं फूल तिनं खुडलं. आदल्या वर्षीची सुकलेली फुलं जवळ होती म्हणून कार्ड अडलं नाही. संध्याकाळी ती लिहायला बसली. मनात होतं एक पान भरेल एवढं, आणि कागदावर उतरलं ते असं: "प्रिय लुसेत, काओरचा पूल बघितला. हवा चांगली आहे. रेमोंद."

वाचून तिची तिलाच लाज वाटली. तहसील कचेरीतली पत्रंसुद्धा याहून मायेची असतात. पण दुसरं काही सुचेना. पाकिटावर तिनं लुसेतचं नाव घातलं. मागच्या बाजूला स्वतःचा पत्ता घालायची वेळ आली आणि पेन थांबलं. तीस वर्षं ती गिऱ्हाइकांना बजावत आली होती, मागं पत्ता घाला, पत्ता घाला, नाहीतर पत्र हरवलं तर बोंबलत बसाल. पत्ता घातला की उत्तर येऊ शकतं. आणि येऊ शकणारं उत्तर आलं नाही, तर तेच उत्तर. त्यापेक्षा पाठ कोरीच बरी, असं म्हणून तिनं पाकीट चिकटवून टाकलं.

मंगळवारी फिजाक. काओरपेक्षा लाकोंबेलला जवळ. "फिजाकच्या बाजारात अक्रोड घेतले. महाग आहेत. रेमोंद."

बुधवारी आणखी जवळ, पादिराकची भुई फाटून झालेली ती मोठी विहीर. खाली उतरून नावेत बसायचं आणि जमिनीखालच्या नदीतून जायचं. तिकिटाच्या खिडकीत माणसानं विचारलं, "एकच?" ती म्हणाली, "एकच." तो परत म्हणाला, "एकच ना?" जणू तिला मोजता येत नाही. नावेत तिला एका कुटुंबात बसवलं, आई, बाप, तीन पोरं. अंधारात पाणी टपटपत होतं, पोरं ओरडून आपलाच आवाज परत ऐकत होती. धाकटीला भीती वाटली तशी तिनं न बघताच रेमोंदचा हात धरला. धरला तो वर येईपर्यंत सोडला नाही. वर आल्यावर चूक कळली, तेव्हा पळून आईकडं गेली.

बाहेर फोटोवाला उभा होता. तिथं नावेतल्या प्रत्येकाचा फोटो काढतात आणि वर येईपर्यंत तयार ठेवतात. "घ्या आजीबाई," तो म्हणाला, "सगळं कुटुंब छान आलंय तुमचं. पाचही जणं हसतायत, तुम्हीच तेवढ्या गंभीर!"

"माझा स्वभावच तसा आहे," रेमोंद म्हणाली, आणि पैसे देऊन तिनं तो फोटो विकत घेतला. का घेतला, देव जाणे. गाडीत बसून ती त्याच्याकडं बघत राहिली, आणि तिला रडू आलं. एकटेपणाची तिला सवय झाली होती. पण एवढ्या सहज तिला कुणाच्यातही बसवता येतं, आणि तिथून उठवतानाही कुणाला काही वाटत नाही, हे तिला सोसलं नाही. त्या दिवशीच्या कार्डात तिनं लिहिलं, "पादिराकला नावेत बसले. आत थंडी होती. रेमोंद." थंडीबद्दल लिहिलं हेच खूप झालं, असं तिला वाटलं.

तीन दिवस झाले, बाई काही लाकोंबेलला जाईना. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आज काओर, उद्या फिजाक, परवा पादिराक. सगळा मुलूख बघून झाला, तेवढं एक गाव सोडून.

गुरुवारी मात्र ती गेली. न्याहारीला मादाम वेसादनं विचारलं, "आज कुठं?" आणि रेमोंदच्या तोंडून निघून गेलं, "बहिणीकडं."

"अगंबाई! बहीण आहे इथं? मग माझ्या चादरी कशाला मळवताय चार दिवस?"

रेमोंद गाडीच्या किल्ल्या घेऊन उठली. अकराच्या सुमारास ती लाकोंबेलच्या चौकात पोचली. सगळं होतं तसंच होतं, चर्च, कारंजं, लिंडनचं झाड, आणि समोर लुसेतचं घर. वरची खिडकी उघडी होती. आईची खोली ती. आता कुणाची असेल कोण जाणे.

तिनं इंजीन बंद केलं नाही. लुसेतनं दार उघडलं तर काय म्हणायचं ते तिनं घोकून ठेवलं होतं. दार लुसेतनं तोंडावर आपटलं तर काय करायचं तेही ठरवलं होतं. पण अबेलनं उघडलं तर? त्याचा विचारच तिनं केला नव्हता. तो टोपी काढेल आणि म्हणेल, "दमली असशील, काहीतरी खा." आणि आपल्याला त्या माणसाच्या हातचं बसून खावं लागेल. हे डोळ्यांपुढं आलं आणि तिचा हात गिअरवर गेला. शिव्या खायची तयारी करून आली होती बिचारी, जेवायची नव्हे. तिनं कारंज्याला वळसा घातला आणि आल्या रस्त्यानं गाडी परत काढली. खिडकीकडं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

मग ती रोकामादूरला गेली आणि डोंगराच्या दोनशे सोळा पायऱ्या चढली. पूर्वी लोक त्या गुडघ्यांवर चढत आणि पापं फेडत. ही पायांवर चढली आणि वर जाऊन लिंबू सरबत प्यायली. संध्याकाळचं कार्ड: "रोकामादूरच्या पायऱ्या चढले. गर्दी होती. रेमोंद." ते टपालपेटीत टाकताना तिला स्वतःचा इतका राग आला की तिनं पेटीवरच हात आपटला.

शुक्रवारी ती खोलीबाहेर पडली नाही. सोमवारचं जांभळं फूल डिरेक्टरीत सुकून तयार झालं होतं, रंग जराही उडाला नव्हता. तिनं सगळ्यांत चांगला कागद काढला. घडी घातली, हाडाची पट्टी तीनदा फिरवली, फूल चिकटवलं. आत लिहिलं: "अबेल, तुझं नाव मी मुद्दाम गाळलं. नियमाचा काही संबंध नव्हता. आई तुला ओळखायची, मला नाही, म्हणून. माफ कर." एवढ्याला तिनं चार कागद वाया घालवले. मग पाकीट घेतलं आणि ठळक, सावकाश अक्षरांत लिहिलं: अबेल देलमास आणि लुसेत ओबार. आधी त्याचं नाव, मग बहिणीचं. लिहून झालं तेव्हा तिला पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं हलकं वाटलं. हे टपालानं नव्हतं जायचं. हे हातात द्यायचं होतं.

शनिवारी तिनं फिजाकला जाऊन केस सेट करून घेतले. अकरा वर्षांनी जायचं तर नीट जावं म्हणून. न्हावीणबाईनं विचारलं, "काही खास?" ती म्हणाली, "हो, माहेरी जायचंय." तिचं तिलाच हसू आलं. माहेर कसलं, आई तर केव्हाच गेलेली. पण शब्द तोच आला.

रविवारी सकाळी ती लाकोंबेलला पोचली तेव्हा चर्च सुटलं होतं आणि पाववाल्याच्या दुकानापुढं रांग होती. मोकळ्या हातानं कसं जायचं म्हणून ती रांगेत उभी राहिली. दुकानाच्या दारावर, नेहमीसारखा, काळ्या कडेचा कागद डकवलेला होता. गावात कुणी गेलं की तिथंच लावतात. सवयीनं तिनं आधी कड बघितली. वाकडी छापली होती, डाव्या बाजूला जाड, उजवीकडं बारीक. असं काम आपण गिऱ्हाइकाला दिलं नसतं, असं मनात म्हणून ती आतला मजकूर वाचायला लागली.

"लुसेत ओबार, त्यांची सहचरी, आणि रेमोंद शोमो, त्यांची मेहुणी, अत्यंत दुःखानं कळवतात की श्री. अबेल देलमास यांचं गुरुवारी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी…"

पुढचं तिला वाचता आलं नाही. ती परत वरच्या ओळीवर गेली. दोनच नावं होती, दोनच. त्या माणसाला सगळ्या जगात दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक नाव तिचं होतं.

रांग पुढं सरकली. मागच्या बाईनं ढकललं तशी तीही सरकली. काउंटरमागची बाई पाव कागदात गुंडाळत म्हणाली, "अबेलला ओळखत होता का तुम्ही?"

"थोडंसं."

"सोन्यासारखा माणूस हो. काल झालं सगळं, साडेदहाला. लुसेत बिचारी एकटीच चालली शवपेटीमागं. चर्चमध्ये पहिल्या बाकावर तिच्याशेजारची जागा मोकळी ठेवली होती, बहिणीसाठी. फिरकली नाही ती बया. असतात बाई एकेक बहिणी!"

"असतात," रेमोंद म्हणाली. साडेदहाला ती केस वाळवायच्या यंत्राखाली मासिक चाळत बसली होती. तिनं सुटे पैसे मोजून दिले आणि पाव घेऊन बाहेर आली. पर्समध्ये ते पाकीट होतं. मेलेल्या माणसाचं नाव वर घालून तिनं ते दोन दिवस जपलं होतं.

परत फिरावं असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. गाडी दहा पावलांवर उभी होती. पण पाय लुसेतच्या दाराकडं गेले आणि हातानं दार वाजवलं.

लुसेतनं दार उघडलं. केस पांढरे झालेले, अंगात काळा स्वेटर, पायांत पुरुषी सपाता. ती रेमोंदच्या सेट केलेल्या केसांकडं बघत राहिली.

"आज काय बघायला आलीस?" ती म्हणाली.

घोकलेलं सगळं कुठं पळालं कुणास ठाऊक. "मला माहीत नव्हतं," एवढंच रेमोंद म्हणाली. "लुसेत, शपथ घेऊन सांगते, आत्ता दुकानाच्या दारावर वाचलं."

"माहीत कसं असेल? तुझ्या घरी पत्र धाडलं, तार केली, फोन करून करून बोट दुखलं. तू घरात नाहीस. तू इथं! काओरला, फिजाकला. अकरा हॉटेलांना फोन केले मी. प्रत्येकाला विचारलं, मादाम शोमो म्हणून कुणी उतरलंय का. पाकिटाच्या मागं एक ओळ पत्ता टाकला असतास तर हात झडले असते का गं तुझे?"

"मी शेतघरात होते, खोली घेऊन."

"शेतघरात." लुसेत हसल्यासारखी झाली. "त्याला सांगितलं होतं मी, ही नक्की कुठल्यातरी शेतघरात असेल, हॉटेलात पैसे घालवायची नाही. तो वर पडून होता, आईच्या खोलीत. मंगळवारी तुझं पहिलं कार्ड आलं ना, तेव्हाच त्यानं रस्त्यांचा नकाशा मागून घेतला. काओरवर खूण केली. बुधवारी फिजाकवर. गुरुवारी पादिराक आलं तर काय खूश! म्हणाला, लुसेत, रोज जवळ येतेय बघ ती. थेट यायची हिंमत नाही, वळसे घेतेय. आज येईल नाहीतर उद्या. तिची खाट घाल. मी म्हटलं, ती कार्डं माझ्या नावानं आहेत, तुझ्या नाही. तर म्हणाला, असू दे, फुलं तर सगळ्यांना दिसतात ना."

"तो… त्याला राग नव्हता?"

"त्याला राग कधी यायचा? राग मला होता. मला अजून आहे." लुसेतनं दाराची चौकट धरली. "दारावरचा तो मजकूर त्यानंच सांगितला, मी लिहून घेतला. तुझं नाव नको म्हणून मी भांडले, मरायला टेकलेल्या माणसाशी भांडले. तो म्हणाला, घाल. घरचं माणूस आहे."

रेमोंद रडत होती. पाव तिच्या हातात चेपला होता, त्याचंही तिला भान नव्हतं.

"एक विचारू?" लुसेतचा आवाज एकदम खाली आला. "गुरुवारी. अकरा वाजले असतील. त्याची खाट खिडकीशी होती. मी खाली त्याच्यासाठी रस्सा गाळत होते, तर वरून हाक मारली. अठरा नंबरची गाडी आलीय चौकात, म्हणाला. तुमच्या जिल्ह्यातल्या गाड्यांच्या पाटीवर अठराच असतं ना? म्हणाला, ती आली, पाणी ठेव कॉफीला. मी हात पुसून वर जाईपर्यंत चौकात चिटपाखरू नव्हतं. ती तू होतीस का?"

रेमोंदनं तिच्याकडं बघितलं. नाही म्हटलं असतं की झालं असतं. सुट्टीत शेकड्यांनी गाड्या येतात, अठरा नंबरच्याही येतात. नाही म्हटलं असतं तर ती फक्त उशिरा आलेली बहीण ठरली असती, तापात माणसाला भास होतात म्हणून लुसेतनंही सोडून दिलं असतं, आणि दोघी गळ्यात गळा घालून रडल्या असत्या. खोटा ठरला असता तो फक्त अबेल, आणि तो काही बोलायला येणार नव्हता.

"मीच होते," रेमोंद म्हणाली. "इथवर आले, आणि भिऊन पळाले."

लुसेतनं मान वळवून जिन्याकडं बघितलं. मागं घरात कुठंतरी नळ ठिबकत होता.

"म्हणजे त्याला दिसत होतं," ती म्हणाली. "नीट दिसत होतं. मी त्याला म्हटलं, अबेल, कुणी नाहीये, ताप चढलाय तुला, झोप. तो म्हणाला, बरं, चुकलं असेल माझं. आणि झोपला. मग उठलाच नाही. तेवढंच झालं बोलणं आमचं शेवटी. कुणी नाहीये म्हणाले मी त्याला."

"लुसेत…"

"बोलू नकोस." लुसेत दारातून बाजूला झाली. "आत ये. पण आज दिवसभर माझ्याशी एक अक्षर बोलू नकोस."

रेमोंद आत गेली. लुसेतनं बोट दाखवलं त्या खुर्चीवर ती कोट न काढताच बसली. लुसेत वर निघून गेली, आणि थोड्या वेळानं वर आईच्या खोलीतून चादरी ओढून काढल्याचा आवाज यायला लागला. रेमोंद जिन्याकडं बघत बसून राहिली.